घडी न मोडलेली साडी घराची

लग्न झालं तेव्हा माझ्याकडं एकतीस साड्या होत्या आणि त्यांतली एकही मी पसंत केलेली नव्हती. ही तक्रार नाही, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण खोटं कशाला बोलू? तक्रारच आहे.

लग्नाचं सगळं कापड आमच्याकडं एकदम खरेदी करतात, त्याला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची दहा-पंधरा माणसं निलंग्याच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांड्या घालून बसली, चहा प्याली, मानपानावरून थोडी रुसली-फुगली आणि तिन्हीसांजेला गाठोडी घेऊन परतली. मी घरी होते. नवरीनं बस्त्याला जायची आमच्यात पद्धत नव्हती. गाठोडं सुटलं तेव्हा आत राणी रंग होता, पोपटी होता, चिंतामणी होता, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या पदरावर जरीचा मोर होता. चुलते म्हणाले, "कसं हाय? आवडलं का न्हाई?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं, ते मी दिलं.

तशी सवय लहानपणापासूनची. वडील शाळामास्तर. दिवाळीला एक तागा आणायचे आणि शिंप्याच्या हवाली करायचे. त्यातून दोन्ही भावांचे शर्ट निघायचे, माझा आणि बहिणीचा फ्रॉक निघायचा, आणि उरलेल्या कापडाची दळणाची पिशवी. मी गिरणीत निघाले की मी आणि पिशवी एका अंगाच्या. वडिलांना त्यात गंमत वाटायची. "हरवली तर लगेच ओळखू येईल," म्हणायचे.

मग मी बारावीला असताना भूकंप झाला. आमच्या घराच्या दोन भिंती बसल्या, माणसं वाचली. किल्लारीकडच्या गावांपुढं आमचं काहीच नव्हतं, आणि येणारा-जाणारा हेच सांगायचा, त्यामुळं रडायचीही चोरी. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. कुठून-कुठून कपड्यांचे ट्रक यायचे. ढीग ओतून निघून जायचे. त्यात लोकरीचे पायमोजे होते, टाय होते, कुणाच्या तरी लग्नातला चमकीचा घागरा होता, ओढणीशिवाय. मला एका ट्रकातून सलवार मिळाली, दुसऱ्यातून कमीज, आणि तिसऱ्यातून गडद लाल कोट, ज्याच्या खिशावर कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या शाळेचा बिल्ला शिवलेला होता. लातूरच्या कॉलेजात मी दोन हिवाळे तो कोट घातला. पोरी विचारायच्या, तू त्या शाळेत होतीस का? मी हो म्हणायचे. देणाऱ्यांचे उपकार आहेतच, आजही मानते. पण दुसऱ्यानं काढून टाकलेलं अंगात घालायचं, वर हसतमुखानं घालायचं, याचा जो राग पोटात बसला तो काही गेला नाही.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी की पुढं मी आठ साड्यांवरून जो काही तमाशा केला, तो वेडाचा झटका वाटू नये.

लग्नानंतर तीन-चार वर्षांनी मला लातूरला एका खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली. तेव्हा लातुरात क्लासचं पीक जोरात होतं. गल्लोगल्ली पाट्या, प्रत्येक घराच्या माडीवर भाड्याच्या खोल्या, एका खोलीत तीन-तीन पोरं आणि रस्ताभर सायकली. हे नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात, शनिवारी एस.टी.नं यायचे. मुलगा दोन वर्षांचा होता. त्याला बघायला आत्याबाई नांदेडहून माझ्याकडं येऊन राहिल्या. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. सासऱ्यांना थोरल्या दिरांकडं ठेवून, चाळीस वर्षांचा आपला संसार सोडून, ही बाई माझ्या नोकरीसाठी लातूरच्या दोन खोल्यांत येऊन राहिली, हे मी विसरलेली नाही. पुढचं सगळं हे लक्षात ठेवूनच वाचावं.

क्लासचा हॉल म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली दोनशे पोरं, एक माईक आणि एक फळा. बस्त्यातल्या साड्या तिथं नेसून गेले की घामानं अंगाला चिकटायच्या. जर दंडाला घासायची. राणी रंगावर खडूची भुकटी अशी बसायची की मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायचे. आणि पोरं फळ्यावरच्या मूत्रपिंडाकडं बघायची सोडून पदरावरच्या मोराकडं बघायची.

एका रविवारी मी वही घेऊन बसले. वाटाण्यांच्या संकराचा चौकोनी तक्ता पोरांना शिकवते, तसाच आखला. वरच्या बाजूला आठ साड्या, डाव्या बाजूला तीन ब्लाऊज. साड्या सगळ्या सुती. करडी, राखी, शेवाळी, निळीच्या रंगाची, अशा खडू लपवणाऱ्या. ब्लाऊज काळा, आमसुली आणि मातकट. कुठलाही ब्लाऊज कुठल्याही साडीवर चालला पाहिजे. जर नको, मोर नको. घरच्या घरी धुता यावी, खळ घालता यावी, आणि जीर्ण झाली की वाकळ शिवता यावी. बाकीच्या सगळ्या कपाटातून बाहेर. हल्ली याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात म्हणे. नाव तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तक्ता बघून मला जो आनंद झाला तो लग्नात झाला नव्हता. जन्मात एकदा तरी अंगावर आपल्या मनाचं कापड असावं, एवढंच मला हवं होतं. जास्त काही नाही.

आता त्या तक्त्याचं काय झालं ते ऐका.

पहिली साडी मी नांदेडच्या हातमाग प्रदर्शनातून घेतली, करडी, बारीक काळ्या काठाची. घरी आणली तेव्हा आत्याबाईंनी ती उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "कोन गेलं गं?" सवाष्ण बाईनं असले मातेरे रंग नेसू नयेत, हे त्यांचं ठाम मत. तरी पुढं म्हणाल्या, "बरं, आता घडी कुनाकडनं मोडतीस?"

नवी साडी आपण आधी नेसायची नसते. जवळच्या एखाद्या सवाष्णीला एकदा नेसायला द्यायची, तिनं घडी मोडायची, मग आपण. त्यात माया असते, शकुन असतो, सगळं असतं. मी करडी माझ्या नणंदेला दिली. त्या नांदेडलाच राहतात. त्यांनी ती नेसून तीन हळदी-कुंकवं केली. परत आली तेव्हा पदराला हळदीचा पंजा होता, खांद्याला पिनांची चाळण झालेली, आणि वर निरोप, "साडी चांगली हाय, पण उठून दिसंना." करड्या रंगावरची हळद कशानंही निघत नाही. मी निरमा लावला, लिंबू लावलं, ऊन दाखवलं. त्या पंज्यासकट ती चार वर्षं नेसले.

त्यानंतर मी ठरवलं की बास. घडी मोडायला कुणाला देणार नाही. माझी घडी मी मोडीन.

क्लासमध्येही माझं काही बरं चाललं नव्हतं. पोरांनी माझ्या साड्यांचं वेळापत्रक केलं होतं. सोमवारची राखी नेसून मी मंगळवारी गेले तर मागच्या बाकावरून "मॅडम, आज सोमवार हाय का?" असा आवाज यायचा. मालकांनी एकदा चहाला बोलावलं आणि बरंच इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, पालक लांबून-लांबून येतात. बॅनरवर तुमचा फोटो असतो. जरा झगमगीत नेसलात तर क्लासबद्दल बरं मत होतं." म्हणजे माझी पेशींची रचना कशीही असो, पदरावर मोर हवा. मला इतका संताप आला की मी चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा राखीच नेसले. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण तो सोमवार होता.

खरा घोटाळा मात्र घरातच झाला, आणि तो असा झाला की आजही मला कुणाला नीट दोष देता येत नाही. दोष देता आला असता तर निदान भांडले तरी असते.

दोन वर्षांत माझ्या पाच साड्या जमल्या होत्या. सहावी मिळाली ती माझी सगळ्यांत आवडती. निळीत बुडवल्यासारखा खोल निळा रंग, काठ नावापुरता, पोत असा की हातात घेतली की गार वाटायचं. जूनमध्ये नवीन बॅच सुरू होईल त्या दिवशी नेसायची म्हणून मी ती तशीच घडीत ठेवली. मेचा महिना होता. रोज कपाट उघडून एकदा हात फिरवायचे. वयानं तीस झालेली बाई, पण दिवाळीच्या कपड्यांशी पोरं करतात तसलं माझं चाललं होतं.

बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं तर निळी नाही.

"आत्याबाई, माझी निळी कुठाय?"

"कोनती? ती कोरी व्हती ती? दिली की."

"दिली म्हणजे? कुणाला?"

"अगं, माझी मावसबहीण आली नव्हती का पोरीला घिऊन, आडमिशनला? तू क्लासला व्हतीस. भूकंपानंतर पयल्यांदाच आली बिचारी आपल्या दाराला. तिला काय रिकाम्या वटीनं लावून देऊ?"

"पण ती माझी होती!"

आत्याबाई खरोखर गोंधळल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. चोरी पकडली गेल्याचं त्यात काही नव्हतं, मी काहीतरी अडाण्यासारखं बोलतेय असं त्यांना वाटत होतं. "तुझी कशी? घडी कुठं मोडली व्हती?"

तेव्हा मला तो कायदा पहिल्यांदा कळला. घडी मोडलेली साडी नेसणारीची. घडी न मोडलेली साडी घराची. घरात येणारी-जाणारी, बाळंतीण, पाहुणी, लग्नाचं बोलावणं, यांच्यासाठी कोऱ्या साड्या लागतात आणि त्या कपाटातूनच जातात. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण नांदेडच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. आणि मी काय केलं होतं? शहाणपणा करून घडी मोडायला कुणाला दिली नव्हती. निळीला मी स्वतःच्या हातानं घराच्या खात्यात जमा केलं होतं.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढंच आहे. बस्त्यातल्या एकतीस साड्या मला कुणाला तरी देऊन टाकायच्या होत्या. पण त्यांची घडी लग्नाच्या वर्षातच मोडली होती. नेसलेली साडी आहेरात देता येत नाही, पाप लागतं. म्हणजे जे मला नको होतं ते जन्मभर माझं, आणि जे जीव लावून जपून ठेवलं ते पहिल्या पाहुणीचं. बरं, मावससासूबाईंनी परत आहेर म्हणून काय पाठवावं? राणी रंगाची नायलॉन. पदरावर मोर होताच.

शनिवारी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका साडीचं काय एवढं? दुसरी घे." मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. दुसरी कुठून घेणार? हातमागाची साडी म्हणजे काही गोळ्यांचं पाकीट नव्हे की सारखंच दुसरं मिळेल. आणि साडी मिळालीही असती, पण माझी चीड यांना कुठं दिसत होती!

निळी मला पुन्हा एकदा दिसली. ऑगस्टमध्ये पालकसभेला मावससासूबाई आल्या, निळी नेसून, वर झगझगीत राणी ब्लाऊज. मी व्यासपीठावर बसले होते आणि समोर तिसऱ्या ओळीत माझी साडी बसली होती. सभा झाल्यावर त्या मला भेटायला आल्या. गावाचं पुनर्वसन झालेलं, सरकारी घराची गळती, पोरीचे मार्क, सगळं बोलून झालं. मग मी, तोंड आवरलं नाही म्हणून, म्हटलं, "साडी छान दिसते मावशी."

त्यांनी पदराकडं बघितलं. आवाज खाली करून म्हणाल्या, "तुला म्हून सांगते, रंग लई मातेरा हाय. मला न्हाई आवडत. पण तुझ्या आत्याबाईनं मायेनं दिली, मंग नेसावी लागते. शेताला न्यायला बरी हाय."

आता यावर काय करायचं? मला ती हवी, त्यांना ती नको, आणि दोघी समोरासमोर उभ्या. मी मागितली असती तर त्यांचा अपमान, आत्याबाईंचा अपमान, आणि भूकंपात सगळं गेलेल्या बाईच्या अंगावरची साडी मागणारी बाई म्हणून निलंगा तालुक्यात माझं नाव. बरं, देणाऱ्याचं मन राखायला नको ते अंगावर वागवायचं म्हणजे काय असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी "हो ना" म्हटलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडले. दुःख कमी आणि संताप जास्त असला की जसं रडू येतं तसं.

मग मी कपाटाला कुलूप लावलं. आठ दिवस टिकलं. आत्याबाई जेवताना दोन घास कमी खाऊ लागल्या आणि नांदेडला फोनवर "आता इथं माझं काय काम हाय" असं मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. नणंदबाईंचा लगेच मला फोन. मी कुलूप काढलं. किल्ली रागानं कुठं फेकली ते आता आठवत नाही.

पुढच्या वेळी मी गंजगोलाईत, लातूरच्या गोल बाजारपेठेत, एका दुकानात शेवाळी साडी पसंत केली आणि दुकानदाराला म्हटलं, "सगळी उलगडा."

"पूर्ण दाखवली की ताई."

"दाखवू नका. उलगडून माझ्याकडं द्या."

त्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घातला होता. आत, गोदामाच्या दारामागं जाऊन मी त्या ड्रेसवरच साडी नेसले. फॉल नाही, पिको नाही, निऱ्या बोंगा झालेल्या. दुकानातल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. दुकानदारानं रिकामी पिशवी हातात दिली, तिच्यात घालायला काहीच नव्हतं. मी तशीच रिक्षात बसून घरी आले. ध्यान दिसत असणार, पण काय सांगू, इतकी वर्षं ज्याच्यासाठी तळमळले ते मिळालं होतं. घडी मोडली होती आणि ती मी मोडली होती.

आत्याबाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मला वाटलं आता बोलणार. मी उत्तरं तयारच ठेवली होती, रस्ताभर पाठ केली होती. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "दुकानदारानं नेसू दिली?"

"हो."

"संगं कोनी नव्हतं?"

"नाही."

"आन् तूच पसंद केलीस? सगळ्यांत?"

"हो, मीच."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसला आणि साडीचा काठ चिमटीत धरून बघितला. मग पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मातेरा रंग, सुतकी रंग, काहीच नाही. मला उलट चुकल्यासारखं झालं.

चार-पाच दिवसांनी भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला बी एकदा नेशील का तसं? दुकानात?"

मला जग जिंकल्यासारखं वाटलं. रविवारी मुलाला शेजारी ठेवून आम्ही दोघी गंजगोलाईत गेलो. आत्याबाई केस नीट करून, ठेवणीतली चप्पल घालून आल्या होत्या. दुकानदारानं मला ओळखलं आणि जरा घाबरूनच विचारलं, "आज पण इथंच नेसणार का?" मी म्हटलं, "आज आमच्या आत्याबाईंना हवी आहे. त्यांच्या आवडीनं."

तो एकेक उलगडू लागला. आत्याबाई लहान पोरीसारख्या गादीच्या कडेला बसल्या होत्या. एक डाळिंबी आली. "ही ताईला बरी दिसंल," त्या म्हणाल्या. हिरवी आली, "ही थोरलीला." ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, थोरली म्हणजे जाऊ. पिवळी आली, ती कुणाच्या तरी डोहाळजेवणाला. मोरपंखी माझ्या आईला. मी आधी हसून म्हटलं, "आत्याबाई, तुमच्यासाठी बघायचंय." त्या "हाव हाव" म्हणाल्या, आणि पुढची अबोली पुतणीला देऊन मोकळ्या झाल्या.

तास झाला. समोर साड्यांचा ढीग. दुकानदारानं दुसऱ्यांदा चहा मागवला.

"तुला कोनती आवडली?" त्यांनी मला विचारलं.

"मला नका विचारू. तुम्ही सांगा."

"तू म्हनशील ती."

"मी नाही म्हणणार! तुम्हाला कुठला रंग आवडतो? एवढं साधं विचारतेय. हा का हा?"

त्या ढिगातल्या साड्यांचे काठ सारखे करत बसल्या.

"लाल? निळा? जांभळा? काहीतरी बोला ना आत्याबाई! साठीला आलात, एक रंग सांगता येईना?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, हळूच गादीवरून उतरल्या, चप्पल शोधली आणि म्हणाल्या, "चल. ऱ्हाऊ दे."

बाहेर येऊन त्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. मीही बसले, अजून धुसफुसतच. मग म्हणाल्या, "मला कोनी इचारलंच न्हाई गं कधी. बापानं न्हाई, ह्यांनी न्हाई. आता तू इचारलंस तर मला येईनाच." आणि वर, माफी मागावी तशा, "तुझा येळ गेला उगं."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न टाकायचा, आणि उत्तर आलं नाही की चारचौघांत झापायचं, हे क्लासमधला दुसरा कुठला मास्तर करायचा तेव्हा मी त्याला नावं ठेवायचे. आणि इथं भर बाजारात मी तेच केलं होतं, ते पण कुणाबरोबर! मला राग आवरेना, आणि या वेळी तो कुणावर काढायचा हेही कळेना.

समोर रस्त्याच्या कडेला एक बाई पोत्यावर शेपू-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती. आत्याबाई तिच्याकडं बघत होत्या. मला वाटलं भाजी घ्यायचीय.

"तो बघ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिच्या लुगड्याचा रंग. तसला." बोट दाखवलं आणि लगेच मागं घेतलं. "तसला मला आवडतो वाटतं."

मी बघितलं. जांभळा होता, पण धड जांभळाही नव्हता. उतरत-उतरत राखेच्या जवळ आलेला, पदराकडं थोडा गुलाबी, गुडघ्यावर जवळजवळ पांढरा. खरंच सुंदर होता. मी ताडकन उठून त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले.

"मावशी, ही साडी कुठं घेतली हो?"

ती हसायलाच लागली. "ही? ही लई जुनी हाय बाई. थोरल्या लेकीच्या बाळातपणात घेतल्याली. लेकीला आता दोन पोरं हायेत."

"तिच्याच बाळंतपणात?"

"न्हवं गं, ती माझ्या पोटी आली तवाची. तवा ही भडक जांभळी व्हती. धुऊन-धुऊन असं झालंय. दुसरी हाय कुठं आलटून-पालटून नेसायला?"

आत्याबाई माझ्यामागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "हात लावू का?" आणि पदर बोटांत धरून बघितला.

मला आधी दुकानदाराकडं परत जायचं सुचलं. मग कळलं की त्याच्याकडं काय, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवरही तो रंग मिळणार नाही. तो रंग यायला एक साडी वीस-पंचवीस वर्षं एकाच बाईच्या अंगावर राहावी लागते. आत्याबाईंच्या हातून जन्मात शंभरेक साड्या गेल्या असतील, पण मनाला लागलेली एकही त्यांनी तेवढे दिवस स्वतःजवळ ठेवली नव्हती.

"भडक जांभळी घेऊ आपण," मी म्हटलं. "आत्ताच घेऊ, तुम्ही इथंच नेसा. रोज नेसा, मी रोज धुते. उतरेल हळूहळू, होईल अगदी अशीच."

"आन् तवर मी ऱ्हाते व्हय?" आत्याबाई म्हणाल्या आणि हसत-हसत रिक्षाला हात केला.